खाडा न धरलेले चौदा दिवस

दिवस शून्य. गुरुवार, ४ फेब्रुवारी २०२१

उतरता तो दिवस विलगीकरणाच्या चौदा दिवसांत मोजत नाहीत, तो दिवस शून्य. हे विमानातच कळलं.

पाथर्डीहून निघून आज पाचवा दिवस. मुंबईत कोविड चाचणीचा निगेटिव्ह रिपोर्ट हातात येईपर्यंत चुलतबहिणीकडे मुक्काम, मग दुबईमार्गे ऑकलंड. नोव्हेंबरात अण्णांना बघायला गेले तेव्हा वाटलं होतं, महिनाभरात परतू. अण्णा डिसेंबरात गेले. त्यानंतर न्यूझीलंडमध्ये विलगीकरणाची खोली मिळायला फेब्रुवारी उजाडला. ३ नोव्हेंबरपासून नियमच झाला आहे की खोलीचं व्हाउचर असल्याशिवाय विमानात बसू देत नाहीत. पाथर्डीच्या घरात रात्री दोन-दोन वाजता उठून मी मोबाइलवर तारखा शोधायचे. एखादी दिसायची आणि बोट लावेपर्यंत जायची.

ऑकलंडला उतरल्यावरही कुठे नेणार ते कुणी सांगेना. ऑकलंड, हॅमिल्टन, रोटोरुआ, वेलिंग्टन, क्राइस्टचर्च या पाच शहरांत मिळून तीसेक हॉटेलं सरकारने यासाठी घेतली आहेत, त्यांपैकी कुठलंही असू शकतं. बसमध्ये बसल्यावर कळलं, रोटोरुआ. तीन तासांचा रस्ता, वाटेत कुठे थांबायचं नाही. माझ्या मागच्या बाकावर एक आजी पूर्ण वेळ हात जोडून बसल्या होत्या. खिडकीबाहेर हिरव्या टेकड्या, गाई आणि मास्क न लावता हिंडणारी माणसं. तीन महिन्यांत मास्क नसलेला चेहरा रस्त्यावर पाहिला नव्हता, ते बघूनच छातीत धडधडलं.

शहर जवळ आल्याचं नाकाला आधी कळतं. रोटोरुआच्या जमिनीखालून गरम पाणी आणि वाफा येतात, गावभर गंधकाचा वास असतो. हेस्टिंग्जला, माझ्या घरी, इथून गाडीने तीन-साडेतीन तास. नवरा म्हणाला, गाडी घेऊन येतो, लांबून हात तरी हलवतो. मी नको म्हटलं. मुलाला लांबून दाखवून परत न्यायचं मला झेपलं नसतं.

दिवस १

सकाळी नर्सने नाकातला नमुना घेतला. जानेवारीपासून ही पहिल्या दिवसाची चाचणीही वाढली आहे, शिवाय तिसऱ्या आणि बाराव्या दिवशी असतेच. रिपोर्ट येईपर्यंत खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही. जेवण कागदी पिशवीत दाराबाहेर येतं. टकटक झाली की थांबायचं, माणूस लांब गेला की मास्क लावून दार उघडायचं.

बाकी दिवस झोपण्यात गेला.

दिवस २. शनिवार, ६ फेब्रुवारी

आज वाइटांगी दिनाची, न्यूझीलंडच्या राष्ट्रीय दिवसाची सुट्टी. रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि अंगणात चालायची परवानगी मिळाली. अंगण म्हणजे हॉटेलमागची गाड्या लावायची जागा, भोवती तात्पुरतं कुंपण, दाराशी लष्कराचा एक तरुण शिपाई. सगळ्यांनी एकाच दिशेने गोल फिरायचं, दोन माणसांत दोन मीटर.

माझ्या आधीपासून तिथे बारा-तेरा गडी फिरत होते. काळीसावळी, रुंद खांद्यांची, पायात रबरी चपला. चालणं पाहूनच ओळखलं. खांद्यावर वजन घेऊन चालायची सवय असलेला माणूस रिकाम्या हातानेही थोडा पुढे झुकून चालतो. वानुआतू या पॅसिफिकमधल्या बेटांच्या देशातली टोळी होती, माझ्या दोन दिवस आधी आलेली.

हेस्टिंग्जजवळच्या एका पॅकहाउसमध्ये मी सात वर्षं सफरचंदाची क्वालिटी बघते. माझ्यापर्यंत फळ येतं ते या लोकांच्या हातांतून. पॅसिफिकमधल्या बेटांवरून हंगामापुरते मजूर आणायची योजना इथे २००७ पासून आहे, आरएसई म्हणतात तिला. वर्षाला १४,४०० पर्यंत माणसं आणायची मुभा होती. वानुआतू, सामोआ, टोंगा इथली माणसं सर्वांत जास्त. बहुतेकांना अकरा महिन्यांत सातच महिने राहता येतं, मग घरी. १९ मार्च २०२० ला न्यूझीलंडने सीमा बंद केली आणि हे येणं-जाणं तुटलं. यंदा सरकारने जानेवारी ते मार्चमध्ये फक्त २,००० जणांना येऊ द्यायचं ठरवलं आहे. त्यांतले हे बारा-तेरा.

दिवस ३

रविवार. चाचणी झाली, दुखलं. दुपारी खालच्या मजल्यावरून गाणं ऐकू आलं. आधी एकच आवाज, जाड, संथ. मग शेजारच्या खोलीतून दुसरा, मग भिंतींपलीकडून एकेक करत सगळे. प्रत्येकजण आपापल्या बंद खोलीत, आणि गाणं एक. प्रार्थना होती हे चालीवरून कळत होतं, शब्द कळत नव्हते. मी जमिनीवर बसून ऐकत राहिले. अण्णांच्या दहाव्याला भजन म्हणायला माणसं जमवता आली नव्हती. घरातल्या पाच जणांनी म्हटलं तेवढंच.

दिवस ४ आणि ५

चौथ्या दिवसाचं सांगण्यासारखं काही नाही. कपडे धुतले, मुलाशी व्हिडिओवर बोलले. तो कॅमेरा सोडून सगळीकडे बघत होता.

पाचव्या दिवशी जेवणाच्या पिशवीत सफरचंद होतं. ते खिशात घालून अंगणात गेले. टोळीतले सर्वांत वयस्क गृहस्थ, पांढरी दाढी असलेले, भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या हातातही सफरचंद होतं. खात नव्हते. देठाशी अंगठा ठेवून फळ हळूहळू फिरवत होते.

मी दोन मीटरवरून म्हटलं, "देठ शाबूत आहे."

त्यांनी चमकून पाहिलं. मी पॅकहाउसचं सांगितलं तेव्हा डोळ्यांत हसू आलं, मास्कमुळे तेवढंच दिसलं. मग त्यांनी मला तोडणी करून दाखवली, हवेत. तळहात फळाखाली, तर्जनी देठाच्या मुळाशी, फळ ओढायचं नाही, वर उचलून किंचित वळवायचं. पिकलेलं असेल तर ते आपणहून हातात येतं. ओढलं तर देठ निघतो आणि सालीला भोक पडतं, तिथून सड आत शिरते. किंवा देठासोबत फांदीवरचा फळ धरणारा आखूड फाटा तुटून येतो, मग पुढच्या वर्षीचं फळ गेलं. हे सगळं मला पट्ट्यापाशी उभं राहून माहीत होतं. रिकाम्या हवेतून फळ खुडणारा तो हात मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिला. नखं जाड झालेली, आणि बोटांच्या टोकांचा स्पर्श मात्र फुलाला हात लावावा इतका हलका.

"गाला आत्ता सुरू झाला असेल," ते म्हणाले.

झालाच होता. फेब्रुवारीत रॉयल गाला, मग पुढे एप्रिल-मेपर्यंत एकेक जात पिकत जाते. फळ कुणासाठी थांबत नाही. त्यांच्या त्या वाक्यात तहानलेल्या माणसाला नदीचा आवाज ऐकू यावा तशी तळमळ होती. ते आठवा हंगाम करत आहेत. मला "सिस्टा" म्हणाले. निघताना मी म्हटलं, "तांक्यू तुमास," एवढीच बिस्लामा, त्यांची वानुआतूची भाषा, मला येते. मनात मी त्यांना दादा म्हणायला लागले होते.

दिवस ६

दादांनी आज जे सांगितलं त्याने रात्रभर झोप लागली नाही, म्हणून ते सविस्तर लिहिते.

मी विचारलं होतं, इथे बसून दिवस वाया जात असतील ना? ते म्हणाले, मजुरी मिळते. मला वाटलं माझी ऐकण्यात चूक झाली. मग घरी फोन करून नवऱ्याला विचारलं, तो बागेचा हिशेब बघतो. खरं होतं. या २,००० जणांना आणायचं तर मालकांवर अटी आहेत: विलगीकरणाचा खर्च मालकाने भरायचा, विलगीकरणात असताना आठवड्याला ३० तासांची मजुरी द्यायची, आणि पुढे कामावर तासाला किमान २२ डॉलर १० सेंट. कायद्याने ठरलेलं किमान वेतन सध्या १८ डॉलर ९० सेंट आहे.

बसलेल्या दिवसांची मजुरी.

माझी आजी आणि आजोबा पंधरा-सोळा वर्षं ऊसतोडीला गेले. दोघं मिळून एक कोयता. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादम उचल द्यायचा आणि ती फिटेपर्यंत त्यांचे दिवस त्याचे. आजीला एकदा फडात ताप भरला, तीन दिवस कोपीतून उठता आलं नाही. तीन दिवसांचा खाडा धरला. आजोबा एकट्याने तोडत होते तरी, कोयता अर्धा म्हणून. ही गोष्ट आजीने तक्रार म्हणून कधी सांगितली नाही. पाऊस पडला, ऊन पडलं, तसा खाडा पडला. २०२० च्या एप्रिलमध्ये लाखावर ऊसतोड मजूर कारखान्यांच्या आसपास कोप्यांमध्ये अडकून पडले होते, तेव्हा मी इथून बातम्या बघत होते आणि डोक्यात एकच: यांचे हे दिवस कुणाच्या खात्यावर?

तर अट लिहिता येते. आजार पसरू नये म्हणून माणसाला घरात बसवायचं असेल, तर त्या बसण्याची किंमत कुणीतरी दिली पाहिजे, आणि ती त्याच्या पोटातून जाता कामा नये. हे कागदावर आणता येतं, आणि कागदावरून मजुराच्या खात्यातही. मला ते इतकं साधं आणि इतकं मोठं वाटलं.

दिवस ७

काल लिहिलं त्यात एक बाजू राहिली. आज दादांना विचारलं की पैसे घरी किती जातात. त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली: विमानाचं निम्मं भाडं मजुरीतून वळतं होतं, राहायच्या जागेचं भाडं, गाडीचं, विम्याचं. उरतं त्यातून मुलांच्या शाळेची फी आणि घराचे पत्रे. मजुरी इथल्या मापाने बरी, पण वर्षातले सात महिने मुलं बापाशिवाय. मालक बदलायचा म्हटलं तर या व्हिसावर तेही सोपं नाही, व्हिसा मालकाला बांधलेला. उचलीचा दोर नाही, पण दोर आहे.

दिवस ८

आज पाऊस. अंगणाच्या छपराखाली चार-पाच जणच.

दादा पेंटेकोस्ट बेटाचे. गेल्या वर्षी ते हेस्टिंग्जलाच तोडणीवर होते. मार्चच्या शेवटी इथे टाळेबंदी लागली तेव्हा सफरचंद आवश्यक काम धरलं गेलं, तोडणी चालू राहिली. अन्नाची साखळी तुटू द्यायची नव्हती, म्हणून देश घरात आणि ते झाडांखाली. आणि त्याच दिवसांत, एप्रिल २०२० च्या पहिल्या आठवड्यात, हॅरल्ड चक्रीवादळ वानुआतूवर आलं. सर्वांत वरच्या, पाचव्या श्रेणीचं. पेंटेकोस्टवरून ते गेलं.

"चार दिवस फोन लागला नाही," ते म्हणाले. "मी तोडत होतो. तोडायचो, पिशवी भरायचो, बिनमध्ये ओतायचो. पुन्हा फोन लावायचो."

एका बिनमध्ये चारेकशे किलो फळ मावतं. त्या चार दिवसांत त्यांनी किती बिन भरले ते मी विचारलं नाही.

पाचव्या दिवशी बायकोचा आवाज ऐकला. घराचे पत्रे उडाले होते, बागेतली केळी आणि तारो, म्हणजे अळू, झोपले होते, माणसं वाचली. पण जायचं कसं? वानुआतूने सीमा बंद केलेली, तिथे तोवर एकही रुग्ण नव्हता आणि तो येऊ द्यायचा नव्हता. हंगाम संपला, काम संपलं, हजारो मजूर इथेच. कित्येक महिन्यांनी विमान मिळालं. पोर्ट व्हिलाला उतरल्यावर १४ दिवस तिथल्या हॉटेलात बंद, मग बेटावर जाणारी बोट. घरी पोचले तेव्हा पत्रे त्यांच्या मेव्हण्याने बसवून झाले होते. "माझ्या पैशांचे पत्रे," ते म्हणाले, "माझ्या हाताने एकही खिळा नाही."

मी अण्णांचं सांगितलं. इथून निघायला उशीर झाला, पोचले तेव्हा ते ओळखत नव्हते, हे मी नवऱ्यालाही नीट बोलले नव्हते. दादांनी काहीच म्हटलं नाही. दोन मीटरवर उभे राहिले, पाऊस थांबेपर्यंत.

दिवस ९

आज दादांनी एक मजेदार गोष्ट सांगितली. त्यांच्या गावची काही पोरं सप्टेंबरात ऑस्ट्रेलियाला गेली, डार्विनकडे, आंबे तोडायला! तेव्हा वानुआतूहून दीडशेच्या वर मजूर खास विमानाने नेले होते आणि आधी १४ दिवस विलगीकरणात ठेवले होते. आंबा म्हटल्यावर मी हापूसवर पाऊण तास बोलले. पाडाला आलेला आंबा झेल्याने कसा काढतात, डेख ठेवून कसा तोडतात, चीक उडाला तर साल कशी भाजते. ते कान देऊन ऐकत होते. देठाचं महत्त्व त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही.

दिवस १०. रविवार, १४ फेब्रुवारी

संध्याकाळी बातमी आली. ऑकलंडमध्ये एकाच घरातले तीन रुग्ण, मध्यरात्रीपासून शहर तीन दिवस तिसऱ्या पातळीच्या टाळेबंदीत, बाकी देश दुसऱ्या. पंतप्रधान जसिंडा आर्डर्न टीव्हीवर बोलत होत्या. आमच्या हॉटेलात शांतता पसरली. सगळ्यांच्या मनात एकच, मुदत वाढणार का?

जानेवारीत ऑकलंडच्या एका हॉटेलातून १४ दिवस पुरे करून घरी गेलेल्या बाईला नंतर लागण निघाली होती, तेव्हापासून इथे सगळे ताणातच आहेत. नर्सही. तिचे हात सॅनिटायझरने फाटलेले आहेत. ती घरी गेल्यावर आधी गॅरेजमध्ये कपडे बदलते, मगच मुलांजवळ जाते. मजल्यावर जेवण ठेवणारी मुलगी म्हणाली, बस-स्टॉपवर युनिफॉर्म दिसला की लोक लांब सरकतात. अशा वेळी कुणी दार लोटून ओरडतं जेवण गार आहे म्हणून, ते मला सहन होत नाही.

आज रविवार होता, पण खालून गाणं आलं नाही. रात्री उशिरा फक्त एक आवाज आला. मग तोही थांबला.

दिवस ११

मुदत वाढली नाही. फायझरच्या लसीची पहिली खेप आज देशात उतरली. सर्वांत आधी सीमेवरच्या आणि या हॉटेलांतल्या कर्मचाऱ्यांना. नर्सने हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज पहिल्यांदाच मोकळा वाटला.

अंगणात दादांची शेवटची भेट. उद्या सकाळी ते सुटणार. मी विचारलं, कुठल्या बागेत? त्यांनी नाव सांगितलं. तिथलं फळ आमच्याच पॅकहाउसला येतं.

दिवस १२. मंगळवार, १६ फेब्रुवारी

सकाळी चाचणी. आज खोलीतच थांबायला सांगितलं.

खिडकीतून खाली दोन व्हॅन दिसल्या. गडी एकेक करून बाहेर आले. प्रत्येकाच्या हातात एकच बॅग, एकाच्या पाठीला उकुलेले, छोट्या गिटारसारखं वाद्य. दादा शेवटी. त्यांनी वर पाहिलं, पण माझी खिडकी कुठली हे त्यांना कसं कळणार? म्हणून त्यांनी इमारतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश, प्रत्येक खिडकीला हात केला.

दिवस १३

रिपोर्ट निगेटिव्ह. बॅग भरली. अण्णांचं घड्याळ वरच्या कप्प्यात ठेवलं, मग काढून हातात घातलं.

दिवस १४. गुरुवार, १८ फेब्रुवारी

काल मध्यरात्री ऑकलंडची टाळेबंदी उठली. कागदांवर सह्या, शेवटची तपासणी, आणि कुंपणाचं दार उघडलं. नवरा आणि मुलगा गाडीपाशी उभे होते. मुलगा जागचा हलेना. त्याने बापाला विचारलं, "आता हात लावला तर चालतो?"

टाउपोचं तळं, मग पाइनची जंगलं, मग रस्ता खाली उतरत एस्कच्या खोऱ्यात. द्राक्षांचे मळे लागले तेव्हा मुलगा माझ्या दंडाला डोकं लावून झोपला होता. हेस्टिंग्जच्या अलीकडे बागा सुरू झाल्या. झाडांच्या रांगांत शिड्या लागलेल्या. काही बागांत मात्र लालभडक फळ लगडलेलं आणि माणूस नाही. नवरा म्हणाला, हात कमी पडतात, यंदा सगळं उतरवलं जाणार नाही.

सोमवार, २२ फेब्रुवारी

कामावर रुजू झाले. पहिला ट्रक साडेसातला आला, गालाचे बिन. मी नमुन्याची शंभर फळं काढली आणि एकेक बघत गेले. डाग नाही, दाब नाही, सालीला भोक नाही. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव फळांचे देठ शाबूत. बिनच्या कडेला तोडणाऱ्याचा नंबर लिहिलेली चिठ्ठी असते, नाव नसतं. मी नंबर वहीत उतरवला, आणि बागेचं नाव बघितलं. त्यांचीच होती.